'नॉर्म'ला मराठीत काय म्हणावं?

गोरेगावकर: संगणकावर उभ्या केलेल्या समाजात 'सोशल नॉर्म्स' कशी तयार होतात आणि टिकतात, यावर टिपण लिहितोय. 'सामाजिक नियम' खटकतं, कारण तिथे नियम घालून देणारा कुणी नसतो. 'रूढी' चालेल का?

डोंबिवलीकर: नियम नकोच. पण सरसकट रूढीही नको, कारण तिथे दोन निराळे प्रकार आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भाषा-मॉडेलांच्या (चॅटबॉटमागच्या एआय प्रणालींच्या) जोड्या लावून एकेक नाव निवडायला सांगितलं. जुळलं तर गुण, नाही तर वजा. प्रत्येकाला फक्त आपल्या शेवटच्या काही भेटी आठवत होत्या, तरी अख्खा गट एकाच नावावर आला. हा संकेत. तो मोडणाऱ्याचं आपोआपच नुकसान होतं, शिक्षा कुणी करावी लागत नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या १९८६ च्या, संगणकावर चालवलेल्या खेळात मात्र तसं नाही. खेळाडू २०. लबाडी केली की ३ गुण मिळतात, इतरांचा प्रत्येकी १ जातो. कुणी पाहिलं आणि शिक्षा केली तर लबाडाचे ९ जातात, पण शिक्षा करणाऱ्यालाही २ ची खोट! मग वाईटपणा कोण घेणार? ज्यांना जास्त गुण, त्यांचंच वागणं पुढच्या पिढीतल्या खेळाडूंत जास्त उतरतं. त्यामुळे शिक्षा करणारे कमी होत गेले आणि लबाडी बोकाळली. कानाडोळा करणाऱ्यालाही शिक्षा, अशी अट घातल्यावर घडी बसली. याला मी 'दंडक' म्हणेन, त्यात दंड ऐकू येतो.

आपल्या लोकलमधली चौथी सीट बघा. बाक तिघांचा, चौथ्याचा हक्क कुठेही लिहिलेला नाही. तरी उभा असलेला 'जरा सरकून घ्या' म्हणतो, आणि खिडकीजवळचा ढिम्म बसला तर समोरच्या बाकावरचे त्याला सुनावतात. ज्यांना ती जागा नकोच आहे तेसुद्धा! दंडक टिकतो तो या लोकांमुळे.

गिरगावकर: उगमासाठी 'पायंडा पडणे' घ्या. पुढे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं की 'रूढ होणे'.

गोरेगावकर: म्हणजे 'दंडक कायमचा प्रस्थापित झाला' असं लिहू?

डोंबिवलीकर: 'कायमचा' काढा. अ‍ॅक्सेलरॉड १०० पिढ्यांवर थांबले होते. २००५ मध्ये गालान आणि इझ्किएर्दो या संशोधकांनी तोच खेळ नव्याने बांधून कितीतरी जास्त पिढ्या चालवला, तेव्हा दंडक कोसळतानाही दिसला. 'त्या १०० पिढ्यांत दंडक टिकला' एवढंच लिहा.