बिल शून्यच आहे, मग सोलर कशाला? ('गच्चीवरचा सूर्य' यांना उत्तर)

मास्तर_अनगोळ

काल 'गच्चीवरचा सूर्य' यांनी टाकलं होतं: "3 किलोवॅट बसवा, 78 हजार सबसिडी घ्या, बिल कायमचं विसरा. सरकार पैसे द्यायलंय आणि बेळगावकर अजून झोपलेत." (ही सबसिडी म्हणजे केंद्राची पीएम सूर्यघर योजना.) खाली अंगठ्यांची रांग. मी झोपलेलो नाही. पेन्शनर आहे, दुपारीसुद्धा जागाच असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात आम्ही दोघं. महिन्याला 110-115 युनिट. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची 200 युनिटपर्यंत फुकट विजेची योजना, आल्यापासून, 2023 च्या ऑगस्टपासून, माझं बिल शून्य येतंय. 2022-23 च्या सरासरीवर दहा टक्के जास्त धरून जी मर्यादा दिलीय, तिच्या आत आम्ही आरामात बसतो. जे बिल येतच नाही ते विसरायचं कसं, तेवढं सांगा.

मला कोटेशन आलं 2 लाख 5 हजारांचं. 78 हजार वजा केले तरी 1 लाख 27 हजार माझे. आणि ते 78 हजार आधी कोणी हातात ठेवत नाही. पॅनेल बसायचं, तपासणी व्हायची, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा) लागायचा, मग खात्यात. तोवर सगळा भार आपल्यावर. हेच सव्वा लाख फिक्सला टाकले तर वर्षाला आठ-नऊ हजार घरबसल्या येतात.

राग कशाचा आला ते आता सांगतो. टॅब्लेट घेऊन आलेला पोरगा आमच्या सौ.ला म्हणाला, "काकू, लाइट गेली तरी तुमच्या घरात लाइट." साफ खोटं! बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं, लाइन गेली की स्वतःहून बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. मागच्या एप्रिलात आमच्या गल्लीत दुपारी दोन तास लाइट नव्हती. समोरच्यांच्या गच्चीवर पॅनेल चकाकत होतं आणि ते स्वतः खाली बनियनवर, लग्नपत्रिकेनं वारा घेत बसलेले. मी विचारलं, "काय ओ, ऊन कमी पडलं?" त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत.

गच्चीवरचा सूर्य

काका, तुमचं घर दोघांचं. गाव काय दोघा-दोघांचं आहे? आमच्या घरात वर-खाली मिळून सात माणसं. बोअरची मोटर, गिझर, दोन फ्रिज. महिन्याला 320 युनिट. 200 च्या वर गेलं की वरचे 120 नाही, सगळेच्या सगळे 320 आपल्या माथी. 2024-25 सालचा 5 रुपये 90 पैशांचा दर धरा, वर फिक्स्ड चार्ज. दोन हजार कुठं गेलं नाही.

3 किलोवॅट सरासरी दिवसाला 12 युनिट देतं. महिन्याला 360, त्यातले 300 वाचले धरा, 1770 रुपये. वर्षाला 21 हजार. तुमचेच 1 लाख 27 हजार सहा वर्षांत वसूल. पॅनेलची हमी 25 वर्षांची. पुढची एकोणीस वर्षं काय करायचं ते सांगा, मास्तर आहात, गणित येतं की.

आणि फुकट युनिट जन्मभर देतो असं कुणी स्टँप पेपरवर लिहून दिलंय? सरकार बदललं की काय होईल?

मास्तर_अनगोळ

सरकार बदलायच्या भीतीनं सव्वा लाख घालू? मग पेन्शन बंद होईल म्हणून आत्तापासून उपाशी राहतो.

खासबागची_अक्का

दोघंही गच्चीचं बोलायलासा. आमच्या डोक्यावर गच्ची मालकाची आहे. दोन खोल्या, एकीत माग, दुसरीत आम्ही पाच जण. गृहज्योती भाडेकरूला मिळते. सूर्यघर कुणाला मिळतं? ज्याचं स्वतःचं छत आणि ज्याला बँक कर्ज देते त्याला. म्हणजे जितकं बिल मोठं तितका फायदा मोठा. बरं आहे की.

संकेश्वरकर

सहा वर्षांचा हिशेब कागदावर. आमच्याकडे दिवाळी झाली की कारखाना सुरू होतो आणि मार्चपर्यंत चिपाडाची काळी राख पडते. वाळत घातलेलं धोतर काळं होतं तिथं काच काय राहणार. सकाळी ऊन चढायच्या आत मॉप घेऊन वर. आठ दिवस गेलो नाही तर अॅपमधला आकडा खाली. हा पगार कोण धरणार हिशेबात?

आणि पावसाळा? एप्रिलात 380 युनिट निघाले, जुलैत 150 पण नाही. खानापूर भागात तर काय विचारू नका.

तिसरं_गेट

राख धुता तरी येते. माझी अडचण धुता येत नाही. मी 2024 मध्ये बसवलं, सहा पॅनेल, सगळी एका माळेत. शेजारी फणस आहे. दुपारी दोननंतर त्याची सावली दोन पॅनेलवर येते आणि सगळी माळच ढेपाळते. पाच वेळा सांगून झालं, नुसत्या दोन फांद्या काढा. नाही म्हणजे नाही. लोकांना पर्यावरण कळत नाही. वर्षाला किती कोळसा वाचेल याचा विचारच नाही.

हिंडलगा_फौजी

साहेब, फणस आधी का पॅनेल आधी?

तिसरं_गेट

तो मुद्दा नाही.

हिंडलगा_फौजी

तोच मुद्दा आहे. साइट बघायला आलेल्या माणसानं सावली बघायला नको? कंपास घेऊन दहा मिनिटांचं काम. माळेऐवजी प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रो-इन्व्हर्टर लावला असता तर दोन पॅनेल झाकली तरी चार चालली असती. महाग पडतं, पण भांडणापेक्षा स्वस्त.

फणसाखालचं_घर

मी इथं लिहीत नाही कधी, पण आमचाच फणस आहे म्हणून लिहिते. भाऊजी, पाच वेळा सांगितलं म्हणताय, एकदा तरी घरात येऊन बसून सांगितलंत? भिंतीवरून ओरडलात. मागच्या महिन्यात आमचे हे गावाला गेले असताना कोयता घेऊन माणूस पाठवलात, ते पण लिहा. झाड माझ्या सासऱ्यांनी लावलंय, तुमचं घर झालं त्याच्या आधीचं आहे. दर वर्षी पहिला फणस तुमच्याकडे येतो, त्याचे गरे खाताना सावली दिसली नाही काय?

तिसरं_गेट

वहिनी, घरचं इथं काढायची गरज नव्हती. कोयता घेऊन आलेला माणूस आमच्या बाजूला आलेल्या फांदीसाठी होता.

फणसाखालचं_घर

तुम्हीच काढलंत. मी फक्त उत्तर दिलं.

खासबागची_अक्का

वहिनी, तुम्ही अगदी बरोबर. कापा गऱ्याचा आहे का बरका?

फणसाखालचं_घर

कापा.

संकेश्वरकर

झाड तोडून कोळसा वाचवणार म्हणे. वा!

तिसरं_गेट

तोडा कुणी म्हटलं? दोन फांद्या! वाचता येतं का?

मास्तर_अनगोळ

शांत व्हा. मी मूळ प्रश्नावर येतो. (आमच्याही परसात फणस आहे, म्हणून मी कोणाची बाजू घेत नाही. खरं म्हणजे वहिनींची घेतो.)

चंदगडी

आम्ही पलीकडचे, महाराष्ट्रातले, पण आमचं बघून घ्या. आमच्याकडे 200 युनिट फुकट नाहीत आणि दर तुमच्यापेक्षा चढा, म्हणून आमच्या गल्लीत एकाचं बघून दुसरा बसवायलाय. केंद्राची सबसिडी तिकडेही तीच, इकडेही तीच. माझी बहीण वडगावात दिलीय, तिचं बिल शून्य. ती म्हणते, दादा, तू वेडा आहेस. मी म्हणतो, तू नशीबवान आहेस. दोघंही खरंच बोलतो.

गच्चीवरचा सूर्य

बघा मास्तर, सोलर वाईट नाही, फुकट वीज आड येते.

मास्तर_अनगोळ

बरं. 320 युनिटवाल्याला तुमचं गणित लागू पडतं, हे मान्य. पण "बेळगावकर झोपलेत" हे शब्द मागे घ्या. 120 युनिटवाला शहाणपणानं झोपलाय. आणि 320 वालाही उगाच मोठं बसवत असेल तर त्याला सांगा, जास्तीची वीज विकून श्रीमंत व्हायचं स्वप्न बघू नको.

गच्चीवरचा सूर्य

"झोपलेत" मागे घेतो. "अर्धे झोपलेत" ठेवतो. विकायचं म्हणाल तर मला मागच्या वर्षी उरलेल्या युनिटला अडीच रुपये पण पडले नाहीत, घेताना मात्र सहा. म्हणून वापराएवढंच बसवा, हे मी आधी लिहायला पाहिजे होतं. आणि बिल कायमचं विसरा हेही जरा जास्तच झालं. फिक्स्ड चार्ज येतोच.

हिंडलगा_फौजी

बिल विसरायचं म्हणजे काय, ते आधी वाचता यायला पाहिजे. नेट मीटर लागल्यापासून बिलावर दोन आकडे येतात, एक घेतलेली वीज, एक दिलेली. सगळं कानडीत. पहिले दोन महिने मी उलटंच वाचत होतो, ऑफिसला जाऊन भांडून पण आलो. शेवटी सहावीतल्या पोरीनं वाचून दाखवलं. तिला शाळेत कानडी आहे. "बाबा, तुम्ही जितकी दिली म्हणताय तितकी घेतलीय."

संकेश्वरकर

आता मराठी बिलाचा विषय काढू नका, रात्र पुरायची नाही.

हिंडलगा_फौजी

मी काढला नाही. पोरगी हुशार आहे एवढंच सांगितलं.

खासबागची_अक्का

माझं एकच विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. गावाकडे सासऱ्यांचं घर आहे, मंगळुरी कौलांचं. त्यावर पॅनेल बसतं काय?

गच्चीवरचा सूर्य

अक्का, बसतं, पण कौलाला बोल्ट मारून नाही. कौलं काढून खालच्या वाशाला लोखंडी हूक अडकवायचा, मग कौल परत ठेवायचं. 1 किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. आधी वासे कुजलेत काय ते सुताराला दाखवा. आणि आजूबाजूला फणस आहे का तेही.

तिसरं_गेट

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं काय?