डार्क चॉकलेटला मार्क कसे द्यायचे?

प्रश्न: ७०% आणि ८५% असे दोन बार आणलेत, घरी सगळे म्हणतात नुसतं कडू. चांगलं-वाईट ठरवायचं कसं? टक्का जास्त म्हणजे माल भारी का?

उत्तर १: नाही हो, टक्क्यावरून कोको किती नि साखर किती एवढंच कळतं, दर्जा नाही. आधी तुकडा मोडा, कट्कन आवाज आला नि कड स्वच्छ तुटली तर टेंपरिंग, म्हणजे बनवताना चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून गार करणं, नीट झालंय. मग चावू नका, जिभेवर ठेवा, कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, ३४ अंशांच्या आसपास वितळतं त्यामुळे तोंडात आपोआप विरघळायला हवं, मेणासारखं टाळ्याला चिकटलं तर लेबल वाचा, बहुधा दुसरं कुठलंतरी वनस्पती तेल घातलेलं असतं.

उत्तर २: फ्रिजमधून काढून लगेच चाखू नका प्लीज, गार चॉकलेटला वासच येत नाही! केरळातल्या इडुक्कीच्या कोकोचा बार मिळाला तर नक्की घ्या, मला त्यात मस्त आंबटसर फळाची चव लागते. दहातले चार मार्क मी मागे रेंगाळणाऱ्या चवीलाच देते.

उत्तर ३: वर पांढरट थर दिसला तर लगेच फेकू नका, बऱ्याचदा कोको बटरच वर आलेलं असतं, खायला चालतं. मार्क मात्र कापा.