भारत-बांगलादेश शिक्षणखर्च : आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

शेवटचा_बाक
एम.ए.ची असाइनमेंट परवा द्यायची आहे. भारताचा शिक्षणखर्च बजेटच्या अडीच टक्के येतोय, बांगलादेशचा जवळपास बारा. जागतिक बँकेच्या तक्त्यात मात्र बरोबर उलटं, भारत चारच्या वर आणि बांगलादेश दोनच्या आसपास. दोन्ही आकडे अधिकृत, मग कोणता धरू? प्लीज लवकर सांगा.

खर्डेघाशी
वर्ष कोणतं? बजेट कुणाचं? आणि टक्के कशाचे?

शेवटचा_बाक
२०२४-२५, केंद्राचं. १.२० लाख कोटी भागिले ४८.२ लाख कोटी. तिकडचे सुमारे ९४,७०० कोटी टका भागिले ७.९७ लाख कोटी टका. जागतिक बँकेचे टक्के मात्र जीडीपीचे, म्हणजे देशाच्या एकूण वार्षिक उत्पादनाचे. बांगलादेशात राज्यंच नाहीत, म्हणजे दोन्हीकडे केंद्रच झालं ना?

मु_पो_शाळा
नाही झालं. मी जि. प. शाळेत शिकवतो. माझं पगारबिल शालार्थ प्रणालीत निघतं, पैसे राज्याच्या तिजोरीतून येतात. तुमच्या १.२० लाख कोटींत माझा पगार नाहीच. ढाक्याच्या बजेटमध्ये मात्र तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या मास्तरांचाही पगार असतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात) गेलं, पण खर्चाचा मोठा भार अजून राज्यांवरच आहे. राज्यं धरल्याशिवाय तुलना करूच नका.

यशवंत_भव
स्पर्धा परीक्षा देताय का? कोठारी आयोग १९६४-६६, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत तोच आकडा. हमखास विचारतात.

खर्डेघाशी
त्यांनी ते विचारलेलं नाही.

साओ_पावलो_ते_सांगली
मुळात बांगलादेश कशाला? ब्राझील घ्या. संघराज्याची तुलना संघराज्याशीच व्हावी. तिथे राज्यघटनेतच आहे : केंद्राने करउत्पन्नाच्या किमान १८ टक्के, राज्यांनी आणि नगरपालिकांनी २५ टक्के शिक्षणावर घालायचे. असं बंधन आपल्याकडे हवं.

खर्डेघाशी
परवा द्यायचंय त्यांना, देश कुठे बदलायला लावता? शिवाय बांगलादेशासारख्या एकात्म राज्याशी तुलना होत नाही असं थोडंच आहे? सगळ्या पातळ्यांची बेरीज करून जीडीपीशी भागा, झालं.

साओ_पावलो_ते_सांगली
जीडीपीने प्राधान्यक्रम कळत नाही. तो बजेटमधल्या वाट्यानेच कळतो.

खर्डेघाशी
वाटा कशातला तेही बघा की. बांगलादेशचं अख्खं बजेट जीडीपीच्या १४-१५ टक्के. त्याचे १२ टक्के म्हणजे जीडीपीच्या पावणेदोनच्या आसपास. कर-जीडीपी प्रमाण जेमतेम ८ च्या आसपास, तिजोरीच लहान. आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी खर्च जीडीपीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त आहे. @शेवटचा_बाक, तुमचं कोडं इथे सुटतं. असाइनमेंटमध्ये दोन्ही आकडे द्या, पण भारताचा वाटा राज्यांसकट काढा.

मु_पो_शाळा
आणखी एक. तिथल्या अर्थसंकल्पात 'शिक्षण व तंत्रज्ञान' असं एकत्र क्षेत्र दाखवतात. रूपपूर अणुवीज प्रकल्प विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाखाली, त्यामुळे तो पैसाही त्यात येतो. तो आकडा उचलू नका.

शेवटचा_बाक
नाही, मी प्राथमिक, माध्यमिक-उच्च आणि तंत्र-मदरसा, एवढ्यांचीच बेरीज घेतलीय.

मु_पो_शाळा
मग बरोबर. तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळा खासगी आहेत. 'एमपीओ'त (मंथली पे ऑर्डर, म्हणजे सरकारी पगारयादीत) नाव असलेल्या शिक्षकांचा मूळ पगार सरकार देतं. आपल्या अनुदानित शाळांच्या जवळचा प्रकार.

टप्पा_अनुदान
अनुदानाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आम्ही विनाअनुदानितवाले कोणत्या टक्क्यात बसतो? आमची मुलंही सरकारी पटावरच आहेत. जीडीपीच्या गप्पांत हे कोणीच मांडत नाही.

मु_पो_शाळा
मुद्दा रास्त आहे, वेगळा धागा काढा, मी येतो. पालकांच्या खिशातली फी या दोन्ही आकड्यांत येत नाही, हे मात्र असाइनमेंटमध्ये लिहायलाच हवं.

शेवटचा_बाक
लिहितो. राज्यांची बेरीज एका ठिकाणी कुठे मिळेल?

खर्डेघाशी
रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अहवाल. शिक्षणाची ओळ राज्यवार आहे. फक्त सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांची सरमिसळ करू नका. आणि तिकडचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, तळटीप टाका.