घरबसल्या बारची परीक्षा? आपल्याकडे कुठे!

वर कोणीतरी लिहिलंय की कोविडमुळे वकिलांची परीक्षा घरबसल्या झाली आणि पोरं फुकटात पास झाली, अहो ते अमेरिकेत, तिथे ऑक्टोबर 2020 ला बऱ्याच राज्यांनी लॅपटॉपवर कॅमेरा लावून घेतली आणि युटाने तर काही जणांना परीक्षेशिवायच सनद दिली. आपली एआयबीई (वकिली करायला लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा) तेव्हाही सेंटरवरच, कागदावर, मास्क लावून झाली. पंधरावी एआयबीई पुढे ढकलत ढकलत 24 जानेवारी 2021 ला झाली, तोवर पोरं नुसती ताटकळत. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या भाचीने त्यासाठी गाईड, नोट्स, बेअर अ‍ॅक्ट (कायद्याची नुसती मूळ पुस्तकं) सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवून पिशवी भरली होती, तेव्हा पुस्तकं चालायची ना. पण ऑक्टोबर 2021 च्या सोळावीला नियम बदलला, नोट्स बंद, फक्त टिपा नसलेले कोरे बेअर अ‍ॅक्ट. म्हणजे सोपी कसली, उलट कडकच झाली (आणि माझ्या मते बरंच झालं, नुसती पानं उलटून कसली परीक्षा). आणि वकिलीच्या सनदेसाठी गोंयकारांना बार कौन्सिल (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) मुंबईचीच, लॉकडाऊनमध्ये तो व्याप वेगळा, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडायचा म्हणजे आधी कागद दाखवा!