दुरान की चावेझ: नुसता हुक बघू नका

बॉक्सिंगमधलं एक मत असं की अगदी जवळून लढण्यात बॉक्सर हुलिओ सेसार चावेझ हा रोबेर्तो दुरानपेक्षा सरस, कारण चावेझचा यकृतावर बसणारा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. हुकबद्दल दुमत नाहीच. १९९० मध्ये मेल्ड्रिक टेलर तिघांपैकी दोन पंचांच्या गुणांत पुढे होता, तरी चावेझने त्याला इतकं पोखरलं होतं की शेवटच्या फेरीत २ सेकंद उरली असताना रेफरीला लढत थांबवावी लागली. पण समोरच्याला मारूच न देणं हाही जवळच्या लढतीचा भाग आहे, आणि तिथे मला दुरान बराच वरचा वाटतो.

जून १९८० ची मॉन्ट्रियलमधली शुगर रे लेनर्डविरुद्धची लढत परत लावा आणि दुरानचे ठोसे सोडून त्याचं डोकं आणि न मारणारा हात बघा. डोकं लेनर्डच्या छातीशी, एका हाताने त्याचा दंड दाबलेला, दुसरा हात बरगड्यांवर. मग खांद्याने हलकंच रेटून वीतभर जागा करायची आणि लगेच ठोसा. रेफरीने त्यांना बराच वेळ एकमेकांपासून सोडवलं नाही, त्याचा दुरानला फायदा झाला हे मान्य. पण १९८९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, आपल्यापेक्षा कितीतरी उंच इरान बार्कलीला मिडलवेट या वजनगटात हरवताना हीच विद्या कामी आली, आणि अकराव्या फेरीत त्याला खालीही पाडलं. बार्कलीने आदल्याच वर्षी थॉमस हर्न्सला तिसऱ्या फेरीत गारद केलं होतं.