हात तुटलेले नाहीत, मुळात नव्हतेच

प्राचीन ग्रीसमधले हर्म म्हणजे "हातपाय तुटलेले पुतळे" असं कुणी म्हणतं, ते पटलं नाही. हर्म हा चौकोनी खांब घडवतानाच तसा असतो: वर दाढीवाल्या हर्मिस या ग्रीक देवाचं डोकं, समोर मधोमध लिंग आणि खांद्यांशी दोन बुटके चौकोनी दगडी खुंट. हे खुंट म्हणजे मोडक्या हातांचे अवशेष नव्हेत. त्यांवर माळा अडकवत. सिफनोस या ग्रीक बेटावरचा इ.स.पू. 520च्या सुमाराचा संगमरवरी हर्म तर जेमतेम 66 सेंमी उंच आहे!

हर्मचा आणखी एक उपयोग होता, मैलाच्या दगडाचा. अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्ट्राटसच्या मुलाने, हिपार्कसने, अथेन्स आणि आसपासच्या गावांच्या बरोबर मध्यावर हर्म उभारले, एका बाजूला ठिकाण आणि दुसरीकडे उपदेशाची ओळ. अथेन्सजवळच्या कोरोपी गावापाशी सापडलेल्या अशा एका हर्मच्या तुकड्यावर 'केफाले (एक गाव) आणि शहर यांच्या मध्ये' असं अजून वाचता येतं.