शाळांमध्ये सर्पदंशावर माहिती द्यायचीये, परवानगी कोणाकडून घेता? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आम्ही चार-पाच मित्र जूनमध्ये शाळा उघडल्या की यावल-रावेरकडच्या जिल्हा परिषद शाळांत सर्पदंशावर तासभर बोलणार आहोत, फुकटच. एक मुख्याध्यापक म्हणतात गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणा, केंद्रप्रमुख म्हणतात काही गरज नाही, मग नक्की अर्ज करायचा कोणाकडे?

दुसरं म्हणजे जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, साप आणणार ना? अहो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही आणि पोरं खेळ बघतात, ऐकत काहीच नाहीत. आम्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे मोठे फोटो दाखवणार. मण्यारचं तर सांगायलाच हवं, रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही की सूज नाही, घरचे म्हणतात मुंगी चावली असेल, तोवर उशीर. त्यात इकडं केळीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटीवर जावं लागतं. भगताकडं न जाता १०८ लावा, एवढं पोरांनी घरी सांगितलं तरी खूप.

सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी बोलणारं कोणी सोबत येईल का? आणि पाचवीच्या खालच्या पोरांना घ्यावं का, की घाबरतील? अनुभव असेल तर सांगा.